मदत हवी आहे : सीकॉकचा कोन घासत राहावा की नवा कातून घ्यावा?

मंडळी, मी वडोदऱ्यात आणि शिडाची फायबर बोट अलिबागजवळ, सध्या पाण्याबाहेर काढलेली. इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी आत घेणारा सीकॉक (बोटीच्या बुडाला बसवलेला व्हॉल्व्ह) जुन्या पद्धतीचा आहे, म्हणजे बॉडीत आरपार भोक असलेला निमुळता कोन (शंकूसारखं धातूचं बूच) फिरतो. बंद केला तरी पाणी झिरपायचं.

खोलल्यावर कोनावर भोकापासून निघालेले आडवे ओरखडे दिसले. बारीक ग्राइंडिंग पेस्टने घासला, पुसून वॉटरप्रूफ ग्रीस भरलं. दांडा आता मऊ फिरतो, पण कोन बॉडीला कुठे टेकतो ते निळा रंग लावून पाहिलं तर एका पट्ट्यात कोन टेकतच नाही. होजच्या दोन्ही क्लिपा नव्या आहेत, गळती झाल्यास भोकात ठोकायची लाकडी खुंटीही शेजारी बांधलेली आहे. तेव्हा ते सल्ले नकोत.

इथल्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) याऐवजी बसवायला बॉल व्हॉल्व्ह मिळतात, पण साध्या पितळेचा नकोच. खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं, धातू गुलाबी आणि ठिसूळ होतो. माझ्या सीकॉकची बॉडी खरवडून पाहिली, तसं काही नाही.

विचारायचं एवढंच : ओरखडे जाईपर्यंत घासलं तर कोन खोल बसून त्याचं भोक बॉडीच्या भोकाशी जुळेनासं होईल का? की लेथवाल्याकडून गनमेटलचा (एक प्रकारच्या काशाचा) नवा कोन कातून घेणंच बरं?