खरजेतून उठलेल्या सशांना खाद्यातून कोणत्या वनस्पती द्याव्यात, किती द्याव्यात? (पुणे परिसर)

पौडचा ससेपालक
नमस्कार मंडळी. मुळशी तालुक्यात मांसासाठी ससे पाळतो, न्यूझीलंड व्हाइट आणि सोव्हिएत चिंचिला. पावसाळा संपता संपता फार्मवर खरूज शिरली. नाक, ओठ, कानांच्या कडा आणि पायांची बोटं, सगळीकडे पांढरट-पिवळ्या खपल्या. डॉक्टरांनी खरजेचे किडे मारणाऱ्या आयव्हरमेक्टिनची दोन इंजेक्शनं दिली. खपल्या गळाल्या, खाजवणं थांबलं. पण वजन भरत नाही आणि केस नीट येत नाहीत. काहींचे तर पाठीवरचे आणि मांडीवरचे केस विरळ झालेत, आणि तिथे खरूज नव्हतीच.

सध्याचा आहार: मोठ्या सशाला सकाळी १०० ग्रॅम पेलेट (तयार गोळी खाद्य), संध्याकाळी बांधावरच्या सुबाभळीचा पाला पोटभर, सोबत थोडा लसूण घास (ल्यूसर्न चारा). एका दुकानदाराने हळद, कडुनिंब, गुळवेल, अश्वगंधा आणि लसूण अशी एकत्र पावडर सुचवली आहे, रोज दोन चमचे. द्यावी का? नाहीतर दुसरं काय द्यावं?

शिरूर पशुवैद्यक
ती पावडर देऊ नका. त्यातला लसूणच पहिला नडतो. कांदा-लसणाने सशाच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. खरजेत रक्त आणि मांस आधीच आटलेलं असतं, त्यावर हा मार नको. शिवाय ‘दोन चमचे’ हे माप दोन किलोच्या जनावराचं नाही.

केसांचं बघू. खरूज नसलेल्या जागचे केस जात असतील तर माझा संशय सुबाभळीवर आहे. तिच्या पाल्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, कोवळ्या शेंड्यात सगळ्यात जास्त. ते केसांच्या मुळाशी नवीन केस तयार होण्याची क्रियाच थांबवतं. गाई-शेळ्यांच्या पोटात ते पचवणारे जिवाणू असू शकतात, सशाकडे ती सोय नाही. म्हणजे एकीकडे केस यावेत म्हणून औषध शोधायचं आणि दुसरीकडे केस घालवणारा चारा पोटभर घालायचा, असं चाललंय. सुबाभूळ आजपासून कमी करत ८-१० दिवसांत पूर्ण बंद करा. एका दिवसात चारा बदलू नका, सशाच्या आंधळ्या आतड्यातले जिवाणू बिघडतात आणि हगवण लागते.

दुसरं, किडे खरंच मेलेत का? आयव्हरमेक्टिन अंड्यांवर चालत नाही. अंडी काही दिवसांत फुटतात, म्हणून १४ दिवसांनी दुसरा आणि बहुतेक वेळा तिसरा डोसही लागतो. तुमचे दोनच झालेत, तिसऱ्याचं तुमच्या डॉक्टरांना विचारा. कानाची कड आणि नखाचं मूळ या जागी कडेने त्वचा खरवडून नमुना तपासून घ्या. औंधला पशुसंवर्धन खात्याची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे, किंवा तालुक्याच्या दवाखान्यातही सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. गोल, चकतीसारखं टक्कल आणि वर भुसा असेल तर तो गजकर्ण, म्हणजे बुरशी. त्याला आयव्हरमेक्टिन लागू पडत नाही.

पौडचा ससेपालक
सुबाभळीचं माहीत नव्हतं, धन्यवाद डॉक्टर. डोस बरोबर होता का, हे कसं ताडायचं?

शिरूर पशुवैद्यक
१ टक्क्याच्या औषधात १ मिलीत १० मिलीग्रॅम असतं. किलोला ०.२ ते ०.४ मिलीग्रॅम धरतात. म्हणजे २ किलोच्या सशाला ०.०४ ते ०.०८ मिली, कातडीखाली. एवढं माप साध्या २ मिलीच्या सिरिंजवर दिसतच नाही. १०० युनिटच्या इन्सुलिन सिरिंजवर ते ४ ते ८ युनिट येतं. डब्यावर ४० युनिटची आहे की १०० ची, हे पाहूनच घ्या, गल्लत झाली की डोस अडीचपट इकडेतिकडे होतो. सशाचं वजन काट्यावर करा, अंदाजाने नाही. औषध पाण्यात पातळ करू नका. आणि कुत्र्यांसाठीचं फिप्रोनिलचं कुठलंही औषध सशाच्या अंगाला लावू नका, सशांना ते विषारी आहे.

दौंडचा चारावाला
आता खाद्याचं. दादा, पावडरीच्या मागे लागू नका. बारीक भुकटी ससा खात नाही, भांड्याच्या तळाशी साठते, नाकात जाते, शिंका सुरू होतात, आणि मग वाटतं सर्दी झाली. पाला पालाच राहू द्या.

माझी पहिली पसंती शेवगा. वाळलेल्या पानांत साधारण २५ टक्के प्रथिनं असतात, शिवाय कॅल्शियम, लोह आणि अ जीवनसत्त्वाचं पूर्वरूप (कॅरोटिन). ताजा पाला एका सशाला दिवसाला ३० ग्रॅमपासून सुरू करा, आठवड्यात ६०-७० ग्रॅमवर न्या. वाळवायचा असेल तर जाड देठ काढून सावलीत, बोटभर थरात पसरा आणि दिवसातून दोनदा उलथा. ३-४ दिवसांत मुठीत चुरला की कुरकुरीत मोडतो. रंग हिरवा राहिला पाहिजे. उन्हात वाळवला की पिवळा पडतो आणि त्यातलं सत्त्व जातं. ४ ते ५ किलो ताज्या पाल्याचा १ किलो वाळलेला होतो. मोठ्या सशाला १० ग्रॅम वाळलेला पाला पुरे, गवतात मिसळून.

तुतीचा पालाही छान, ससे आवडीने खातात. हदगाही चालतो, पण कमी प्रमाणात. मुख्य चारा मात्र लांब काडीचं गवतच ठेवा, मारवेल किंवा पवना, हवं तेवढं. तंतू कमी पडले आणि प्रथिनं वाढली की रात्रीच्या मऊ लेंड्या ससा नेहमीसारख्या खाऊन संपवत नाही, त्या शेपटीखाली चिकटतात आणि माश्या बसतात. शेवगा सुरू केल्यावर रोज सकाळी सशाची मागची बाजू पाहा. तिथे घाण दिसली तर पाला निम्मा करा.

हडपसर पेंडवाला
केस म्हणजे केराटिन, त्याला मिथिओनिन हे गंधक असलेलं अमिनो आम्ल (प्रथिनाचा घटक) लागतं. शेवगा चांगला, पण मिथिओनिनसाठी तिळाची पेंड त्याहून उजवी. १ किलो पेलेटला ३० ग्रॅम, हरभऱ्याएवढे तुकडे करून. घाण्यावरची ताजी घ्या, खवट वास आला की सोडून द्या.

भुईमुगाच्या पेंडीपासून मात्र दूर राहा. साठवणीत बुरशी धरली की अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं, आणि ससे त्याला इतके नाजूक की जनावर खायचं सोडतं, यकृत जातं. पावसाळ्यानंतर मुळशीच्या ओलाव्यात तर नकोच.

जवस त्वचेचा कोरडेपणा कमी करायला चांगला. १ किलो पेलेटला २० ग्रॅम, मंद आचेवर हलका भाजून, भरड कुटून. कुटलेला जवस ७ दिवसांच्या आत संपवा, त्याचं तेल लवकर खवट होतं.

कोथरूड वाचक
आमच्याकडे कडुनिंबाचं तेल आणि करंज तेल अंगाला लावायला सांगतात. ते सुरक्षित आहे का?

शिरूर पशुवैद्यक
ताई, ससा सगळं अंग चाटतो, त्यामुळे जे लावाल ते पोटात जातं. करंज तेल पोटात जाता कामा नये. कडुनिंबाचं तेल कीटकांवर चालतं, पण त्याचा प्रजननावर परिणाम होतो, पैदाशीच्या माद्यांना आणि नरांना नको. कोरफडीचाही गैरसमज आहे: गर बाहेरून लावायला ठीक, पण पानाच्या सालीखालचा पिवळा चीक पोटात गेला की जुलाब होतात.

कडुनिंबाची दोन-चार पानं वाढत्या पिल्लांनी खाल्ली तर बिघडणार नाही, पण त्याने खरूज बरी होत नाही. गुळवेल आणि अश्वगंधा मी गाभण मादीला देणार नाही. इतरांनाही देण्याइतका सशांमधला भक्कम आधार माझ्यापुढे नाही.

दौंडचा चारावाला
हळदीचं राहिलंच. १ किलो खाद्याला ३ ग्रॅम, त्याहून जास्त नको, रंगाने आणि चवीने ससे खाद्य टाकतात. बाजारची पावडर न घेता हळकुंडं आणून घरी दळा, भेसळीचा रंग सशाच्या पोटात नको. १० ग्रॅम गूळ ३० मिली कोमट पाण्यात विरघळवा, १ किलो पेलेटवर शिंपडा, हळद आणि भरडलेला जवस त्यावर टाकून हाताने चोळा, सुपात पसरून अर्धा तास सुकवा. तेवढंच बनवा जेवढं त्याच दिवशी संपेल, ओलसर पेलेट दुसऱ्या दिवशी आंबतं.

शिरूर पशुवैद्यक
हळदीत मिरी टाका असं कुणी सांगेल, शोषण वाढतं म्हणून. उपचार चालू असताना टाकू नका. मिरी इतर औषधांचंही शोषण बदलते, आणि आयव्हरमेक्टिनचा हिशेब आपल्याला बदलायचा नाही.

पौडचा ससेपालक
माल कुठून घ्यावा? पुण्यात रोज जाणं होत नाही.

हडपसर पेंडवाला
हळकुंड, जवस, तीळ गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भुसार विभागात. पेंड ओळखीच्या लाकडी घाण्यावरून, डोळ्यासमोर काढलेली. शेवग्याचा पाला विकत घेऊच नका, बांधावर १०-१२ झाडं लावा. कमरेएवढी छाटत राहिलात की ६ आठवड्यांनी कोवळा फुटवा येतो. विकतच्या पाल्यावर फवारणी झालेली असते, आणि ससा कीटकनाशकाला फार हळवा.

दौंडचा चारावाला
आणखी एक: पिंजरे. किडे पिंजऱ्यात राहिले तर वरचं सगळं वाया. जाळी रिकामी करून ब्लो लॅम्पची ज्योत फिरवा, सांध्यांवर जास्त वेळ. लाकडी फळ्या, पोती, पिल्लांच्या पेट्यांतलं जुनं गवत जाळून टाका. प्रत्येक इंजेक्शनच्या दिवशी हेच पुन्हा. आजारी सशाचं काम शेवटी करा, नंतर हात साबणाने धुवा, माणसालाही याने काही दिवस खाज सुटते.

पौडचा ससेपालक
सगळं एकदम सुरू केलं तर कशामुळे फरक पडला, हे कळणार कसं?

शिरूर पशुवैद्यक
एकदम सुरू करू नका. आधी सुबाभूळ बंद आणि गवत वाढवा, २ आठवडे तेवढंच. मग सारख्या वजनाचे ६-६ ससे निवडा. एका गटाला शेवगा, तिळाची पेंड, जवस, हळद. दुसऱ्याला फक्त पेलेट आणि गवत. दर रविवारी सकाळी खाद्य घालण्याआधी वजन करा आणि वहीत लिहा. मांडीच्या एकाच जागेचा फोटो दर आठवड्याला, शेजारी मोजपट्टी ठेवून. केस साधारण ३ ते ४ आठवड्यांत दिसायला लागतात, त्याआधी खाद्य बदलू नका. गाभण आणि दूध पाजणाऱ्या माद्या या गटांत घेऊ नका, पिल्लांसाठी घरटं करताना त्या स्वतःचे केस उपटतात आणि तुमचा सगळा हिशेब चुकतो.

आणि इंजेक्शन दिलेले ससे मांसासाठी कधी विकायचे, हे शेवटच्या डोसची तारीख सांगून डॉक्टरांकडून लिहून घ्या. हळद आणि शेवग्याने औषधाचे अंश लवकर निघून जात नाहीत.

पौडचा ससेपालक
सुबाभळीचा पाला आजपासून शेळ्यांकडे वळवतो. तिसऱ्या डोससाठी उद्याच तालुक्याला फोन करतो, आणि नमुना घेऊन औंधला जातो.