निवांत बेटांची नावं सगळ्यांना सांगावीत का?

खारावारा:
उष्ण कटिबंधातलं गर्दी नसलेलं, शांत बेट सुचवा, असं कुणी म्हटलं की आपण नाव, नकाशा, फोटो सगळं देऊन मोकळे होतो. माझं मत स्पष्ट आहे: देऊ नये. थायलंडमधल्या माया बेची पुळण केवढीशी! तिथे दिवसाला पाच-पाच हजार माणसं उतरायला लागली. बोटींचे नांगर आणि पोहणाऱ्यांचे पाय पडून प्रवाळाची वाट लागली. जून २०१८ मध्ये ती बंद करावी लागली आणि उघडली ती थेट जानेवारी २०२२ मध्ये.

किनारपट्टी:
साफ असहमत. गुपित ठेवा असं म्हणणारा स्वतः बहुतेक जाऊन आलेला असतो! बेटावर राहणाऱ्यांना कुणी विचारलंय? उतारू नसले की बोटीच्या फेऱ्या कमी होतात, आणि त्याच बोटीतून औषधं, भाजी, गॅस येत असतो. कमाई नसली की पोरं मुख्य भूमीवर निघून जातात, मागे म्हातारी माणसं राहतात. माया बेच्या बेटावर मुळात वस्तीच नाही, तिचा दाखला सगळ्यांना कसा लावता? शिवाय तिथे फरक पडला तो नियमांमुळे. आता बोटी बेटाच्या मागच्या बाजूला लागतात, लोक चालत येतात, पोहायला बंदी आहे. काळ्या टोकाच्या पंखांचे शार्क उथळ पाण्यात पुन्हा दिसू लागले.

खारावारा:
नियम आले कधी? प्रवाळ मेल्यावर. वस्तीचं बेट हवं असेल तर फिलिपिन्समधलं बोराकाय घ्या. सांडपाणी सरळ समुद्रात जात होतं, म्हणून २६ एप्रिल २०१८ पासून सहा महिने अख्खं बेट पर्यटकांना बंद. ज्यांच्या रोजगाराची तुम्हाला काळजी आहे, त्यांचेच ते सहा महिने गेले. उघडताना एका वेळी जास्तीत जास्त १९,२१५ पर्यटक अशी मर्यादा घातली. ती आधी घालता आली नसती का?

गोडंपाणी:
तुम्ही दोघंही माणसं मोजताय. आधी पाणी मोजा.

सखल प्रवाळबेटावर नदी नसते. पावसाचं पाणी सच्छिद्र जमिनीत मुरतं आणि हलकं असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. हिशोब ढोबळ आहे, पण लक्षात ठेवण्यासारखा: समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर खाली साधारण चाळीस फूट गोडं पाणी. वरची पातळी अर्धा फूट उतरली की खालून खारं पाणी कालांतराने वीसेक फूट वर सरकणार. जोरात पंप लावला तर विहिरीचं पाणी मचूळ होतं, आणि खारं मिसळलेला साठा पुन्हा गोडा व्हायला कित्येक पावसाळे लागू शकतात. पाहुणा दिवसातून दोनदा शॉवरखाली उभा राहतो तेव्हा हे पाणी उपसलं जातं. म्हणून राहण्याची खोली ठरवण्याआधी एवढंच विचारा: पाणी कुठून येतं आणि मैला कुठे जातो? नीट उत्तर मिळालं नाही तर जाऊ नका.

किनारपट्टी:
हे पटलं. पण मग थोड्याच लोकांनी जावं आणि जास्त दिवस राहावं. सकाळी येऊन संध्याकाळी परतणारे कचरा ठेवून जातात, पैसा मात्र बाहेरच्या बोटवाल्याकडे जातो.

गोडंपाणी:
ते सरसकट खरं नाही. ब्राझीलच्या फर्नांदो द नोरोन्या बेटावर पर्यावरण शुल्क दिवसांप्रमाणे वाढत जातं, मुक्काम लांबला की महाग पडतं. पाणी आणि कचऱ्याचा भार रोज पडतो, म्हणून. मला ती पद्धत रास्त वाटते.

खारावारा:
म्हणजे तिथे कुंपण आधीपासून आहे. अशा बेटाचं नाव खुशाल सांगा, माझी हरकत नाही. जिथे किती जणांनी यायचं हे ठरवणारं कुणीच नाही, त्या बेटाचं नाव मी घेणार नाही.

किनारपट्टी:
आणि अशा बेटावर एखाद्या घरानं दोन खोल्या पाहुण्यांसाठी बांधल्या असतील तर? त्यांना गिऱ्हाईक हवंय, तुम्ही नाव दाबून ठेवताय. किती जणांनी यायचं हे त्या गावानं ठरवावं, तुम्ही नाही.