गॅरेजचे मोटराइज्ड शटर आपोआप उघडते. दोष कसा शोधावा?

मुलुंडकर:
नमस्कार. मुलुंड पूर्वेला आमच्या बैठ्या घराच्या गॅरेजला मोटरवर चालणारे रोलिंग शटर आहे. पाऊस सुरू झाल्यापासून ते कोणीही हात न लावता, बहुधा रात्री, कधी अर्धे तर कधी पूर्ण उघडते. दोन रिमोट आहेत आणि बाहेरच्या भिंतीवर पुश बटण आहे. बसवून देणाऱ्याने थेट मोटर बदलायला सांगितले आहे. पण एरवी शटर व्यवस्थित वरखाली होत असताना हा खर्च मला पटत नाही. घरात लहान नातू असल्यामुळे काळजी वाटते.

वायरमन भांडुप:
आपली शंका रास्त आहे. मोटर स्वतःहून सुरू होत नाही. तिला आदेश मिळतो तो बटणाच्या वायरीतून किंवा रिमोटच्या रिसीव्हरमधून, नाहीतर कंट्रोल बोर्डावरचा रिले, म्हणजे मोटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच, चिकटलेला असतो. रिले चिकटला तर शटर अर्ध्यावर थांबत नाही, लिमिट स्विचपर्यंत, म्हणजे टोकाला मोटर थांबवणाऱ्या स्विचपर्यंत जाते, म्हणून मी आधी बटणच पाहीन. बटण दाबले की दोन वायरी जोडल्या जातात, आणि डबीत शिरलेला ओलावाही नेमके तेच करू शकतो. मेन स्विच बंद करून बोर्डावरून बटणाच्या वायरी सोडवा, टोकांना टेप लावा आणि काही रात्री शटर फक्त रिमोटवर चालवा. काही शटरांच्या बटणात थेट २३० व्होल्ट असतात, त्यामुळे हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे. तोवर रात्री मेन बंद ठेवा आणि नातवाला शटरखाली जाऊ देऊ नका.

दहिसरवासी:
वायरी सोडवूनही शटर उघडलेच, तर दोन्ही रिमोटचे सेल काढून पाहावे, कारण बटण आत अडकलेला रिमोट ड्रॉवरमधूनही सिग्नल देत राहतो. काही जुन्या रिमोटमध्ये आठ छोट्या स्विचांनी कोड ठरवत, आणि प्रत्येक स्विचला चालू-बंद अशा दोनच अवस्था असल्यास एकूण २५६ कोड होतात. दाट वस्तीत शेजाऱ्याचा कोड जुळणे अशक्य नाही. तसे असेल तर दर वेळी कोड बदलणारा, म्हणजे रोलिंग कोडचा रिसीव्हर घ्यावा. मोटर तीच राहते.

मुलुंडकर:
वायरी सोडवल्यापासून शटर एकदाही आपोआप उघडलेले नाही. डबी उघडली तेव्हा स्क्रूंवर हिरवट थर होता आणि वरून आलेल्या पाइपातून पाणी थेट टर्मिनलवर उतरत होते. आता नवे बटण कसे बसवावे?

वायरमन भांडुप:
शक्य असल्यास गॅरेजच्या आत बसवा. बाहेरच हवे असेल तर आयपी ६५ दर्जाची, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे आत येऊ न देणारी डबी घ्या, वायर खालच्या बाजूने आत न्या आणि डबीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथेच ठिबकून जाईल. जुनी वायर आतून ओली झाली असेल, तीही बदलून टाका.