आईच्या खात्यातून किमान शिल्लक नसल्याचा दंड कापला आहे, तो परत मागता येतो का?

वावरकर (तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ)

सर्वांना नमस्कार. माझ्या आईचे एका खासगी बँकेच्या तालुक्याच्या शाखेत बचत खाते आहे. पीकविम्याची रक्कम आणि पीएम किसानचे हप्ते जमा व्हावेत, एवढ्याच कारणासाठी गावात आलेल्या बँकेच्या प्रतिनिधीने ते उघडून दिले होते. त्या वेळी किमान शिल्लक किती ठेवावी लागेल, याविषयी कोणी काही सांगितल्याचे तिला आठवत नाही. कापसाचा चुकारा आणि घरचे बाकी व्यवहार दुसऱ्या बँकेतून होत असल्यामुळे या खात्याकडे आमचे फारसे लक्ष नव्हते.

नुकतेच पासबुक भरून आणले तेव्हा असे दिसले की, गेल्या वर्षभरात दर तिमाहीला 500 रुपये दंड आणि त्यावर 18 टक्के जीएसटीचे 90 रुपये, असे प्रत्येक वेळी 590 रुपये लागले असून चार वेळचे मिळून 2360 रुपये गेले आहेत. पहिले दोन दंड खात्यातल्या शिल्लकेतून कापले गेले. पुढच्या दोन वेळी खात्यात काहीच नव्हते, म्हणून ती 1180 रुपयांची रक्कम तशीच राहिली आणि पीएम किसानचा 2000 रुपयांचा हप्ता जमा झाला त्याच दिवशी ती वळती करून घेण्यात आली. आईच्या हाती 820 रुपये आले. पासबुकात पुसट छापलेली नोंद एवढीच आहे, ‘एएमबी चार्ज’, म्हणजे सरासरी मासिक शिल्लक कमी पडल्याचा आकार.

शाखेत विचारणा केली असता, सिस्टीम आपोआप कापते, आमच्या हातात काही नाही आणि तुम्हाला एसएमएस गेलेले आहेत, असे उत्तर मिळाले. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर माझ्या चुलतभावाचा आहे आणि ते सिम केव्हाच बंद झाले आहे. अशी कपात नियमाला धरून आहे का, आणि नसेल तर दाद कोणाकडे मागावी, याचे मार्गदर्शन जाणकारांनी करावे ही विनंती.

निवृत्त लेखनिक (जिल्हा वर्धा)

भाऊ, बँकेच्या ग्रामीण शाखेत माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे काउंटरच्या आतले आणि बाहेरचे दोन्ही मला ठाऊक आहे. सिस्टीम आपोआप कापते हे खरेच आहे, परंतु कापलेली रक्कम परत जमा करण्याचा अधिकार शाखेला नाहीतर तिच्या वरच्या कार्यालयाला असतो. तोंडी विनंतीवर तो सहसा वापरला जात नाही, कारण परत दिलेल्या प्रत्येक रकमेचे कारण लेखापरीक्षणात दाखवावे लागते. म्हणून पहिली गोष्ट म्हणजे लेखी अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर शाखेच्या शिक्क्यासह तारखेची पोच घ्यावी. पोच देण्यास कोणी टाळाटाळ केली तर तोच अर्ज रजिस्टर्ड पोस्टाने पाठवावा आणि पावती जपून ठेवावी.

आता नियमाकडे वळू. किमान शिल्लक नसल्याच्या दंडाबाबत रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2014 मध्ये परिपत्रक काढले आणि ते 1 एप्रिल 2015 पासून लागू झाले. शिल्लक कमी पडली की बँकेने एसएमएस, ईमेल, पत्र अशा मार्गाने खातेदाराला तसे स्पष्ट कळवावे, कळविल्यापासून किमान एक महिन्याची मुदत द्यावी आणि तेवढ्या अवधीत शिल्लक पूर्ववत झाली नाही तरच दंड लावावा, असे ते सांगते. दंडही मनाला येईल तेवढा लावायचा नाही. ठरलेली किमान शिल्लक आणि प्रत्यक्ष शिल्लक यांत जो फरक असेल त्याच्या प्रमाणात तो असला पाहिजे. बँकांना त्यासाठी तुटीचे टप्पे (स्लॅब) पाडण्याची मुभा आहे. केवळ या दंडामुळे खाते उणे शिल्लकेत जाता कामा नये, हेही त्यात लिहिलेले आहे.

आपल्या प्रकरणात मला खटकते ते हे की, पहिल्या तिमाहीत खात्यात थोडे तरी पैसे असताना 500 रुपये लागले आणि खाते पूर्ण रिकामे असतानाही 500 रुपयेच लागले. दोन्ही वेळी तूट वरच्या टप्प्यात होती, असे बँक म्हणू शकेल आणि ते कदाचित खरेही असेल. म्हणून अर्जात वर्षभराचा खातेउतारा, प्रत्येक तिमाहीची सरासरी शिल्लक, लागू केलेला टप्पा, संचालक मंडळाने मंजूर केलेले दरपत्रक आणि प्रत्येक सूचना कोणत्या तारखेला कोणत्या नंबरवर गेली याचा तपशील मागावा. माझा अनुभव असा की, हा शेवटचा तपशील मागितला की शाखेचा सूर बराच मऊ होतो. सूचनेची तारीख आणि कपातीची तारीख यांत महिन्याचे अंतर नसेल, तर पुढे फार बोलावे लागत नाही.

संत्रेवाला (वरूड)

एवढ्या खटाटोपापेक्षा खाते बंद करून मोकळे व्हावे, असे मला वाटते. भारतीय स्टेट बँकेने 2020 सालीच बचत खात्यांवरचा हा दंड बंद केला आणि 2025 मध्ये कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, इंडियन बँक यांनीही तोच मार्ग धरला. दंड न लावणाऱ्या बँका असताना लावणारीच का धरून बसावे? शिवाय खाते उघडताना फॉर्मवर सही किंवा अंगठा दिलेला असतो आणि अटी त्यातच असतात. मोबाइल नंबर बदलला तर तो कळविण्याची जबाबदारी खातेदाराचीच, हेही नाकारता येणार नाही.

ग्राहक वकील (अमरावती)

संत्रेवाला यांचा नंबरविषयीचा मुद्दा खरा आहे आणि बँक नेमकी तिथेच बोट ठेवील. त्याला उत्तर असे की, नियमाला अपेक्षित आहे ती खातेदाराला स्पष्टपणे मिळालेली सूचना. बँकेच्या प्रतिनिधीने खाते उघडताना खातेदाराऐवजी दुसऱ्याच माणसाचा नंबर लिहून घेतला असेल, तर ती नोंद कोणी केली, हा प्रश्न बँकेलाही टाळता येत नाही. खाते उघडण्याच्या अर्जाची प्रत मागून घ्यावी. त्यावरचे हस्ताक्षर कोणाचे, नंबर कोणी लिहिला आणि अटींच्या पानावर आईंचा अंगठा आहे की नाही, हे त्यावरून कळेल.

आता तक्रारीची दिशा. ‘दंड फार जास्त आहे’ एवढाच आपला मुद्दा असेल तर तो टिकणे कठीण जाते, कारण सेवाशुल्काचे दर ठरविण्याचे स्वातंत्र्य रिझर्व्ह बँकेने बँकांना दिलेले आहे. क्रेडिट कार्डच्या थकबाकीवर वर्षाला 30 टक्क्यांहून जास्त व्याज आकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 साली दिला होता. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि हा विषय रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतला असल्याचे म्हटले. ब्रिटनमध्येही 2009 साली ग्राहकांची बाजू अशाच कारणाने पडली. विनापरवानगी ओव्हरड्राफ्टवरचे, म्हणजे शिल्लकेपेक्षा जास्त रक्कम खात्यातून गेल्यास लागणारे आकार हा बँकेच्या सेवेच्या किमतीचाच भाग असल्यामुळे त्यांचा रास्तपणा किमतीच्या निकषावर तपासता येणार नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. सांगायचे एवढेच की, दराशी भांडू नये, प्रक्रियेशी भांडावे. सूचना दिली नाही, महिना दिला नाही, प्रमाण पाळले नाही, हे रिझर्व्ह बँकेच्याच नियमांचे भंग आहेत आणि त्यांची दखल घेणे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाला, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला, भाग पडते.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अन्यायकारक करार’ अशी स्वतंत्र संकल्पना आलेली आहे आणि करारभंगामुळे झालेल्या नुकसानीच्या तुलनेत अवाजवी असलेला दंड तिच्यात मोडतो. तथापि ती तक्रार जिल्हा ग्राहक आयोगापुढे चालत नाही, त्यासाठी राज्य ग्राहक आयोगाकडे जावे लागते. 2360 रुपयांसाठी ती वाट मी सुचविणार नाही. जिल्हा आयोगाकडे ‘सेवेतील त्रुटी’ म्हणून तक्रार करता येते. सेवेसाठी मोजलेल्या मोबदल्याची रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही, तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यात ती दाखल करता येते आणि मुदत दोन वर्षांची आहे. गावातल्या आणखी खातेदारांची अशीच कपात झाली असेल तर आयोगाच्या परवानगीने एकत्रित तक्रारही होऊ शकते. बँकेच्या प्रतिनिधीने एकाच दिवशी अर्ध्या गावाची खाती उघडली असतील, तर ही चौकशी अवश्य करावी.

राहिला पीएम किसानच्या हप्त्याचा प्रश्न. बँका खाते उणे दाखवीत नाहीत. न वसूल झालेला दंड बाजूला ‘होल्ड’ म्हणून ठेवतात आणि पैसे येताच तो उचलतात. जे सरळ मार्गाने करण्यास मनाई आहे ते आडमार्गाने करण्याचाच हा प्रकार आहे, असे माझे मत आहे. याविषयी अधिकाऱ्यांमध्ये एकवाक्यता असते असे नाही, तरीही तक्रारीत हा मुद्दा वेगळा परिच्छेद करून मांडावा आणि सरकारी मदतीचा हप्ता जमा झाल्याची तारीख व कपातीची तारीख शेजारीशेजारी लिहावी.

निवृत्त लेखनिक

खाते बंद करण्याविषयी एक सावधगिरीची सूचना. पीएम किसानचा हप्ता आधारशी जोडलेल्या खात्यात येतो. ती जोडणी दुसऱ्या बँकेत हलविल्याशिवाय हे खाते बंद केले, तर पुढचा हप्ता अडकून पडेल आणि मग तहसीलच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील. आधी नव्या बँकेत आधार जोडणीचे संमतिपत्र द्यावे, आधारच्या संकेतस्थळावर जोडणी कोणत्या बँकेकडे दिसते ते तपासावे आणि मगच जुने खाते बंद करावे. याच बँकेत राहायचे असेल तर ‘मूलभूत बचत ठेव खात्यात’ रूपांतर करून देण्याचा लेखी अर्ज करावा. या खात्याला किमान शिल्लकेची अटच नसते. महिन्यात चार वेळा पैसे काढता येतात, जे आपल्या आईंना पुरेसे व्हावे. मात्र त्याच बँकेत दुसरे बचत खाते असता कामा नये.

वावरकर

सर्वांचे मनापासून आभार. शाखेकडून खाते उघडण्याच्या अर्जाची प्रत मिळाली आहे. मोबाइल नंबरचा रकाना आणि पत्ता दोन्ही एकाच हस्ताक्षरात आहेत आणि ते आमच्या घरातल्या कोणाचेही नाही. शेवटच्या पानावर आईचा अंगठा आहे, परंतु किमान शिल्लकेचा रकाना कोराच आहे. लेखी तक्रार देऊन पोच घेतली आहे. बँकेने उत्तर दिले नाही तर पुढे किती थांबावे? आणि आईला लिहिता-वाचता येत नाही, तेव्हा लोकपालाकडे तिच्या वतीने मला तक्रार करता येईल का?

ग्राहक वकील (अमरावती)

कोरा रकाना फार महत्त्वाचा आहे, त्याची छायाप्रत प्रत्येक तक्रारीला जोडावी. बँकेकडे तक्रार पोचल्यापासून 30 दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. 2021 साली सुरू झालेल्या एकात्मिक लोकपाल योजनेमुळे कोणत्या शहरातला लोकपाल आपला, हे शोधत बसण्याची गरज उरलेली नाही. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर नोंदवावी किंवा टपालाने तिच्या चंडीगडच्या तक्रार केंद्राकडे पाठवावी. फी नाही आणि चौकशीसाठी 14448 हा क्रमांक आहे. लोकपालाकडे आणि ग्राहक आयोगाकडे एकाच वेळी जाऊ नये, कारण प्रकरण आयोगापुढे असेल तर लोकपाल ते हाती घेत नाही.

आईंच्या वतीने आपण तक्रार करू शकता. वकील नसलेल्या व्यक्तीला प्रतिनिधी म्हणून नेमण्याची मुभा योजनेतच आहे. त्यासाठी आईंचे अधिकारपत्र लागेल. त्यावर त्यांचा अंगठा घ्यावा, मजकूर त्यांना वाचून दाखविल्याचे एक वाक्य खाली लिहावे आणि गावातल्या दोन साक्षीदारांच्या सह्या, नाव व पत्त्यासह, घ्याव्यात.