मदत हवी आहे: मला हलकं वाटलं, लेक मात्र घाबरली

मंडळी, डिसेंबरात भंडारदऱ्याला गेलो होतो, रात्री मिट्ट अंधारात देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह) दिसली, म्हणजे नुसता पुसट कापसाचा बोळा हो, पण तो उजेड 25 लाख वर्षांपूर्वी निघालेला म्हटल्यावर माझं अप्रेझल, होम लोन सगळं एकदम फुसकं वाटायला लागलं, खरंच सुटल्यासारखं झालं. घरी येऊन उत्साहात लेकीला (वय 11) व्हॉयेजर 1 या अंतराळयानाने 1990 मध्ये साधारण 600 कोटी किमीवरून काढलेला पृथ्वीचा फोटो दाखवला, एका पिक्सेलएवढाही नाहीये तो ठिपका! तर ती रडवेली, "मग बाबा, आपण काहीच नाही का?" तेव्हापासून रात्री लाईट बंद करू देत नाही. नको तो शहाणपणा नडला. मला जे मोकळं वाटलं ते तिला कसं सांगू? कोणाच्या पोरांचं असं झालंय का?