मदत हवी आहे: एएफ (ठोके अनियमित होण्याचा हृदयविकार) आहे आणि वजन उतरवायचंय. ठोके मोजणाऱ्या घड्याळावर विश्वास ठेवू की स्वतःवर?

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, पण आता अडलंय म्हणून धागा काढला.

वय ५३, वजन ९१ किलो. दीड वर्षापूर्वी जिना चढताना छातीत फडफड सुरू झाली. आधी वाटलं दम लागला असेल. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन (एएफ) निघालं, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. माझं येऊन-जाऊन असतं. ठोके आटोक्यात ठेवायला मेटोप्रोलॉल चालू आहे आणि गुठळी होऊ नये म्हणून वॉरफरिन. ऍब्लेशनचं (ठोके बिघडवणारा हृदयातला भाग नळीवाटे निकामी करण्याचं) विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, "आधी दहा टक्के वजन उतरवा, मग बोलू."

तेव्हा रागच आला होता. सगळं वजनावर ढकलतात असं वाटलं. मग वाचलं तर त्यामागे ठोस कारण आहे. वजन जास्त असलं की हृदयाचा डावा वरचा कप्पा ताणला जातो, त्याभोवती चरबी साठते आणि रक्तदाबही वाढतो. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये 'लेगसी' नावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ज्यांनी दहा टक्के किंवा त्याहून जास्त वजन घटवलं, त्यांचे ठोके नियमित राहण्याची शक्यता बाकीच्यांच्या सहापट होती. मात्र ज्यांचं वजन पाच टक्क्यांहून जास्त वर-खाली होत राहिलं, त्यांचा बराच फायदा हातचा गेला.

आणि मी नेमकं तेच करून बसले. एका ओळखीच्या बाईंचं ऐकून पाच आठवडे जवळजवळ पातळ पदार्थांवर राहिले. सहा किलो उतरलं, पण फडफड वाढली. तपासणीत पोटॅशियम कमी आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, ४.३ (माझा २ ते ३ मध्ये हवा). पालेभाज्या बंद झाल्या, म्हणजे व्हिटॅमिन के कमी झालं, म्हणजे वॉरफरिनचा जोर वाढला. एवढी साखळी माझ्या डोक्यातच आली नव्हती. पुढच्या चार महिन्यांत सहाचे सहा किलो परत.

आता खाणं ताळ्यावर आहे, घोडं अडलंय ते व्यायामाशी. घड्याळ म्हणतं ठोके अमुक इतके न्या. चांगल्या दिवशी कितीही चालले तरी आकडा ९५ च्या पुढे सरकत नाही. बिघडलेल्या दिवशी नुसती उभी राहिले तरी १४० दाखवतं, मिनिटाने ८०. मग मी घाबरून बसते. तुमच्यापैकी कोणाला हे झालंय? जोर किती लावायचा हे कसं ठरवता? आणि भाऊ चरबी जाळणाऱ्या गोळ्यांचा आग्रह धरतोय, त्याला काय सांगू?

प्रतिसाद १

ताई, गोळ्यांचं आधी. अजिबात नको. त्यांत बहुधा भरपूर कॅफीन किंवा तसलंच उत्तेजक असतं, आणि आपल्याला नेमकं तेच चालत नाही.

मलाही एएफ आहे, सहा वर्षं झाली. तुम्ही घोरता का? दिवसा पेंग येते का? माझं वजन हलतच नव्हतं. झोपेची तपासणी केली तर स्लीप ॲप्निया निघाला. रात्री श्वास अडकत राहिला की ठोके बिघडतात आणि दिवसा चालायला अंगात त्राण नसतं. श्वासाचा मार्ग उघडा ठेवणारं मशीन लावून झोपायला लागलो तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. दारू घेत असाल तर तीही सोडा, मला त्याचा फरक महिन्याभरात कळला.

प्रतिसाद २

मी हृदयरुग्णांचा व्यायाम घेणारी फिजिओथेरपिस्ट आहे. मेटोप्रोलॉल ठोके फारसे वाढू देत नाही, त्यामुळे जास्तीत जास्त ठोके काढायचं २२० वजा वय हे गणित तुमच्यासाठी बाद. एएफ चालू असताना मनगटावरचं घड्याळ काही ठोके गाळतं, म्हणून तोही आकडा कच्चाच.

आम्ही बोलण्याची कसोटी वापरतो. चालताना पूर्ण वाक्य बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. सुरुवात दहा मिनिटांनी करा, आधी आणि नंतर पाच-पाच मिनिटं संथ चाला. २०२३ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत एएफच्या रुग्णांसाठी आठवड्याला २१० मिनिटांचं लक्ष्य आहे. तिथे सावकाश पोचा, कोणी मागे लागलेलं नाही. छातीत दुखलं, चक्कर आली, नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर थांबायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. बसल्या जागी ठोके ११० च्या वर टिकून असतील, तर त्या दिवशी व्यायामाला सुट्टी. व्यायाम वाढवण्याआधी तुमच्या डॉक्टरांना एकदा विचाराच.

पालेभाज्या सोडू नका, फक्त प्रमाण रोज साधारण सारखं ठेवा. खाण्यात मोठा बदल करणार असाल तर आयएनआर तपासणाऱ्यांना आधी सांगा.

धागाकर्ती

दोघांचेही आभार! घोरण्याबद्दल नवऱ्याला विचारलं, तो नुसता हसला. झोपेच्या तपासणीसाठी वेळ घेतेय.

आज घड्याळ घरी ठेवून दहा मिनिटं चालले, बहिणीशी फोनवर बोलत. सातव्या मिनिटाला ती म्हणाली, "एवढी धापा का टाकतेयस?" म्हणजे वेग कमी करायला हवा, बरोबर ना? चढावर वाक्य तुटतं, सपाटीवर नाही. चढ सध्या टाळू, की फक्त हळू चढू?