बुडालेल्या कुंड्या लगेच उपटू नका
पुराचं पाणी ओसरल्या ओसरल्या कुंड्यांतली सगळी झाडं उपटून नव्या मातीत लावा असा सल्ला काही जण देतात, तो नाही पटला. पाण्यात हवा न मिळाल्याने मुळं आधीच अर्धमेली, त्यात रीपॉटिंगचा (नव्या मातीत लावण्याचा) धक्का कशाला? २६ जुलै २००५ ला आमच्या कुर्ल्याच्या चाळीत कुंड्या दोन दिवस पाण्याखाली होत्या, शेजारच्या काकूंनी सगळ्या विटेवर तिरक्या टेकवून निथळत ठेवल्या, खत अजिबात नाही, पंधरा दिवसांनी जास्वंदीला बारीक लालसर कोंब आला (तुळस मात्र गेली).

आणि एकमेकांकडे गाळ उपसायला जाताय ते मस्तच पण गमबूट-हातमोजे घालूनच, उंदरांच्या लघवीमुळे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार) होतो, पायाला खरचटलं असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा.